रुग्णालयाच्या नेटवर्कलाही भिंती हव्यात

खडकीत दारूगोळ्याचा कारखाना १८६९पासून आहे आणि उच्च स्फोटकांचा कारखाना १९४०पासून. या भागात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या अनेक घरांतून कोणी ना कोणी तिथे नोकरी केलेली असते. दारूगोळा साठवण्याचे जे नियम जगभर पाळले जातात, ते त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. काडेपेटी दारातच काढून ठेवायची. सगळा माल एका छपराखाली कधीच ठेवायचा नाही. कोठारे एकमेकांपासून ठरावीक अंतरावर आणि मध्ये मातीचे उंच बांध. एका इमारतीत किती माल आणि किती माणसे असावीत, याचीही मर्यादा. या नियमांमागचा विचार सरळ आहे. अपघात टाळण्यासाठी सगळे करायचे. पण तो होणारच नाही असे धरून चालायचे नाही. झालाच, तर तो एका कोठारापुरता राहिला पाहिजे.

हा विचार आपल्या रुग्णालयांच्या संगणकांपर्यंत अजून पुरेसा पोहोचलेला नाही. नेटवर्क, क्लाउड, सायबर सुरक्षा हे शब्द ऐकले की बँका, आयटी कंपन्या आणि हिंजवडी आठवते. रुग्णालयात तो विषय ‘संगणकवाल्याचा’ मानला जातो. प्रिंटर चालत नसला की त्याला फोन जातो, एरवी त्याची आठवण होत नाही. प्रत्यक्षात आज रुग्णालयाचे नेटवर्क हे ऑक्सिजनच्या पाइपलाइनइतकेच उपचाराचे साधन झाले आहे. त्याच्या सुरक्षेचा प्रश्न रुग्णाच्या सुरक्षेचा प्रश्न म्हणूनच हाताळायला हवा.

केसपेपरचा नवा रस्ता

खडकी बाजारातली एखादी आजी छातीत दुखते म्हणून कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या रुग्णालयात गेली, असे समजू. तिथून तिला औंधच्या जिल्हा रुग्णालयात किंवा ससूनला पाठवले गेले. पूर्वी तिच्यासोबत जायची ती प्लास्टिकच्या पिशवीतली कागदांची चळत : केसपेपर, ईसीजीची पट्टी, रक्ताचे अहवाल, एक्स-रेची फिल्म. आज या गोष्टी झपाट्याने संगणकात जात आहेत. नोंदणीच्या खिडकीवर क्यूआर कोड स्कॅन होतो. प्रयोगशाळेतले यंत्र रक्ताचा अहवाल थेट संगणकाला देते. सीटी स्कॅनच्या शेकडो प्रतिमा एका सर्व्हरवर साठतात आणि वॉर्डातल्या संगणकावर उघडतात. केंद्र सरकारचे आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यातला ‘आभा’ हा चौदा अंकी क्रमांक अशा सगळ्या नोंदी एकमेकांशी जोडण्यासाठीच आहे. कॅन्टोन्मेंट बोर्डांच्या नागरी सेवाही २०२१पासून ‘ई-छावणी’ या एकाच पोर्टलवर येऊ लागल्या.

हे चांगलेच आहे. कागद हरवतात, भिजतात, त्यांना वाळवी लागते. आजीला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे हे तिच्या नातवाला आठवत नाही, संगणकाला आठवते. जुना अहवाल सापडत नाही म्हणून तीच तपासणी पुन्हा करण्यात गरीब माणसाचे पैसे आणि दिवसाची मजुरी जाते. तेव्हा कागदाकडे परत चला, असे कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. मात्र चार ठिकाणचे कागद एका तारेने जोडले गेले की चारही ठिकाणचा धोकाही एक होतो. कागदांच्या गठ्ठ्याला आग लागली तर एक कपाट जळते. नेटवर्कमध्ये शिरलेला घातक प्रोग्राम वाटेत अडथळा नसेल तर ओपीडी, प्रयोगशाळा, रक्तपेढी आणि शस्त्रक्रियागृह असा सगळीकडे पोहोचतो.

दिल्लीत काय झाले

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे एम्समध्ये, सर्व्हर बंद पडले. हा रॅन्समवेअरचा हल्ला होता. या प्रकारात घुसखोर संगणकातल्या फाइलींना स्वतःचे कुलूप लावतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो. देशातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात नोंदणी, भरती, डिस्चार्ज, तपासण्यांचे अहवाल हे सगळे सुमारे दोन आठवडे हाताने लिहून चालवावे लागले. सरकारने नंतर संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले होते आणि सुमारे १.३ टेराबाइट माहितीला कुलूप लागले होते.

त्या उत्तरातल्या दोन गोष्टी प्रत्येक रुग्णालयाच्या अधीक्षकाने टेबलाच्या काचेखाली ठेवाव्यात अशा आहेत. पहिली, हल्ल्याचे कारण : नेटवर्कचे विभाजन नीट केलेले नव्हते. म्हणजे कोठारांच्या मध्ये बांध नव्हते. दुसरी, बचावाचे कारण : ई-हॉस्पिटलची सगळी माहिती एका बॅकअप सर्व्हरवरून परत मिळाली, कारण त्या सर्व्हरपर्यंत हल्ला पोहोचला नव्हता. एकाच घटनेत रोगही दिसला आणि औषधही दिसले.

आयर्लंडच्या सार्वजनिक आरोग्य सेवेवर २०२१मध्ये झालेला हल्ला डॉक्टरांना अधिक ओळखीचा वाटेल. १८ मार्चला एका कर्मचाऱ्याने ई-मेलसोबत आलेली एक्सेलची फाइल उघडली. प्रत्यक्ष हल्ला झाला १४ मे रोजी. मधले आठ आठवडे घुसखोर नेटवर्कमध्ये हिंडत होते, एकेक रुग्णालय पाहून ठेवत होते. अँटिव्हायरसने इशारेही दिले होते, पण त्यांची नीट दखल घेतली गेली नाही. नंतरच्या चौकशी अहवालात त्या पहिल्या संगणकाला ‘पेशंट झिरो’ असेच म्हटले आहे. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, त्या काळात दुर्लक्षित राहिलेला बारीक ताप आणि मग एकदम कोसळणे, हा क्रम कोणत्याही साथीच्या आजाराचा आहे. साथीच्या आजारावर आपण काय करतो? रुग्ण लवकर ओळखतो, त्याला वेगळा ठेवतो आणि इतरांना लागण होऊ देत नाही. संगणकाच्या बाबतीतही याहून वेगळे काही करायचे नसते.

रक्ताची पिशवी थांबते तेव्हा

‘फार तर चार दिवस कागदावर लिहू’, हे या विषयावरचे नेहमीचे उत्तर. लंडनमध्ये जे घडले ते या उत्तराला पुरून उरते. ३ जून २०२४ रोजी तिथल्या मोठ्या रुग्णालयांसाठी रक्त तपासणाऱ्या सिनोव्हिस या प्रयोगशाळा सेवेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. रुग्णालयांच्या इमारती उभ्या होत्या, डॉक्टर हजर होते, शस्त्रक्रियागृहे तयार होती. पण रुग्णाचे रक्त आणि पिशवीतले रक्त जुळते की नाही हे नेहमीच्या वेगाने सांगणारी यंत्रणा ठप्प झाली. म्हणून ज्याला त्याला ‘ओ’ गटाचे रक्त देण्याची वेळ आली आणि तिथल्या रक्तसेवेला ‘ओ’ गटाच्या दात्यांना जाहीर आवाहन करावे लागले. दहा हजारांहून अधिक बाह्यरुग्ण भेटी आणि सतराशेहून अधिक नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या. वर्षभरानंतर, जून २०२५मध्ये, किंग्ज कॉलेज रुग्णालयाने एका रुग्णाच्या मृत्यूबाबत जाहीर केले की, हल्ल्यामुळे रक्ताचा अहवाल मिळण्यास झालेला उशीर हे त्या मृत्यूला हातभार लावणाऱ्या कारणांपैकी एक होते.

असा संबंध दरवेळी सिद्ध होतोच असे नाही. २०२०च्या सप्टेंबरमध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या विद्यापीठ रुग्णालयावर हल्ला झाला, तेव्हा एका अत्यवस्थ महिलेला दुसऱ्या शहरात न्यावे लागले आणि तिचा मृत्यू झाला. तपासाअंती हा मृत्यू हल्ल्यामुळेच झाला असे म्हणता येत नाही, असे सरकारी वकिलांनी सांगितले. हे नमूद करणे आवश्यक आहे, कारण भीती वाढवून सुरक्षा वाढत नाही. पण रात्री दोन वाजता बाळंतपणात रक्तस्राव होत असलेली महिला टेबलावर आहे आणि रक्तपेढीचा संगणक उघडत नाही, हे चित्र डोळ्यांसमोर आणायला कोणत्याही सिस्टरला चौकशी अहवाल लागत नाही. भारतात ‘ओ निगेटिव्ह’ रक्तगटाची माणसे मुळातच फार थोडी आहेत. लंडनसारखी वेळ इथे आली, तर रक्तपेढीतल्या त्या मोजक्या पिशव्या किती तास पुरतील, याचा हिशेब प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने करून ठेवायला हवा.

पैसा परत येतो, गुपित येत नाही

पुणेकरांना सायबर हल्ला म्हटले की कॉसमॉस बँक आठवते. खडकीपासून काही किलोमीटरवर, गणेशखिंड रस्त्यावर या बँकेचे मुख्यालय आहे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी काही तासांत भारतासह २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे साडेऐंशी कोटी रुपये काढले गेले आणि १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला वळवले गेले. नुकसान ९४ कोटींच्या घरात गेले. ग्राहकांच्या खात्यांना झळ लागलेली नाही, असे बँकेने तेव्हाच स्पष्ट केले. पुढे तपास झाला आणि २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. मोठा धक्का होता. पण पैशाचे नुकसान मोजता येते, भरून काढता येते.

आजाराच्या माहितीचे तसे नसते. कार्ड बदलता येते, पासवर्ड बदलता येतो. एचआयव्हीचा अहवाल, गर्भपाताची नोंद, मानसोपचाराचा केसपेपर एकदा चारचौघांत गेला की तो कोणत्याही न्यायालयाला परत आणता येत नाही. लग्न ठरलेली मुलगी, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीला बसलेला तरुण, चाळीत राहणारा क्षयरुग्ण यांच्यासाठी ही माहिती म्हणजे अख्खे आयुष्य असते.

आणि अशी माहिती बाहेर जायला मोठा हल्लाही लागत नाही. जर्मनीतल्या ग्रीनबोन या सुरक्षा कंपनीने २०१९मध्ये इंटरनेटवर उघडे पडलेले वैद्यकीय सर्व्हर शोधले. एक्स-रे, सीटी आणि एमआरआयच्या प्रतिमा साठवणारे हे सर्व्हर कोणत्याही पासवर्डशिवाय जगाला दिसत होते. त्यांचे कुलूप तोडायची गरजच नव्हती, कारण कुलूप लावलेलेच नव्हते. कंपनीच्या पुढच्या अहवालाची बातमी २०२०च्या फेब्रुवारीत आली, तेव्हा भारतातल्या राज्यांत महाराष्ट्र पहिला होता : ३ लाख ८ हजारांहून अधिक नोंदसंच आणि त्यांतल्या सुमारे ६ कोटी ९८ लाख प्रतिमा. अशा प्रतिमेच्या फाइलीतच रुग्णाचे नाव, जन्मतारीख, तपासणीची तारीख आणि रुग्णालयाचे नाव असते. हाडाचा फोटो कोणाचा हे विचारावे लागत नाही. तो स्वतःच सांगतो.

याहून लाजिरवाणी घटना २०२५च्या फेब्रुवारीत गुजरातमध्ये उघडकीस आली. राजकोटच्या एका प्रसूतिगृहातले, महिलांच्या तपासणीचे सीसीटीव्ही चित्रण इंटरनेटवर विकले जात होते. अटक झालेल्यांत आपल्या लातूर आणि सांगलीतले तरुणही होते. इथे दोन प्रश्न आहेत. कॅमेऱ्याचा पासवर्ड कोणी बदलला होता का, हा तंत्रज्ञांचा प्रश्न झाला. तपासणीच्या खोलीत कॅमेरा मुळात का होता, हा डॉक्टरांचा प्रश्न आहे आणि तो पहिला आहे. जी माहिती गोळाच केली नाही ती कोणी चोरू शकत नाही.

क्लाउडची सोय आणि तिची अट

या सगळ्यावर उपाय म्हणून आज सर्रास सुचवला जातो तो क्लाउड. क्लाउड म्हणजे आपली माहिती आपल्या इमारतीत न ठेवता दूरच्या मोठ्या, सांभाळलेल्या संगणककेंद्रात ठेवणे आणि इंटरनेटवरून वापरणे. केंद्र सरकारचा स्वतःचा ‘मेघराज’ नावाचा क्लाउड आहे. सरकारी रुग्णालयाच्या जिन्याखालच्या खोलीत, बंद पडलेल्या एसीखाली धूळ खात पडलेल्या सर्व्हरपेक्षा तो निश्चितच सुरक्षित. तिथे वीज जात नाही, पाणी शिरत नाही आणि देखभालीला जाणकार माणसे असतात. लहान रुग्णालयांना स्वतःची अशी व्यवस्था कधीच परवडणार नाही. म्हणून क्लाउडला विरोध करण्यात अर्थ नाही.

मात्र क्लाउडवर गेले म्हणजे जबाबदारीही वर गेली, हा समज घातक आहे. ग्रीनबोनला सापडलेल्या उघड्या सर्व्हरांचा दोष यंत्रांचा नव्हता. ते ज्यांनी जसे लावले त्यांचा होता. क्लाउडवरचे दारही कोणीतरी उघडे ठेवले तर ते उघडेच राहते. दुसरा धोका एकाच टेकूवर सगळा भार टाकण्याचा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. त्यात विमानतळ होते तशी रुग्णालयेही होती. कोणीही हल्ला केला नव्हता. रखवालदाराचाच पाय घसरला होता.

तिसरा धोका तांत्रिक नाही, कराराचा आहे, आणि तो महाराष्ट्राने अनुभवला आहे. राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत एका खासगी कंपनीची माहिती प्रणाली अनेक वर्षे चालत होती. २०२२च्या जुलैत देणी आणि कराराच्या वादातून ती थांबली. केसपेपर पुन्हा हाताने लिहिणे सुरू झाले आणि पुढे ‘ई-हॉस्पिटल’ या सरकारी प्रणालीकडे वळावे लागले. एम्सला घुसखोराने जे केले, ते इथे एका न मिटलेल्या वादाने केले. खिडकीपुढच्या रांगेतल्या रुग्णाला दोन्हींत काही फरक जाणवत नाही. त्यामुळे यापुढे प्रत्येक निविदेत तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. माहिती रुग्णालयाची आणि रुग्णाची आहे, कंपनीची नाही. करार संपला तरी ती माहिती कोणत्याही प्रणालीत वाचता येईल अशा स्वरूपात ठरावीक मुदतीत परत मिळेल. आणि वाद कितीही चिघळला तरी मधल्या काळात सेवा बंद होणार नाही.

वॉर्डात नियम का मोडतात

सायबर सुरक्षेवरच्या बहुतेक भाषणांत शेवटी दोष कर्मचाऱ्यांवर येतो : पासवर्ड कागदावर लिहून संगणकाला चिकटवतात, एकच लॉगिन दहा जण वापरतात, अहवाल व्हॉट्सॲपवर पाठवतात. हे सगळे खरे आहे. पण ते का होते हे पाहिल्याशिवाय थांबणार नाही.

सकाळच्या ओपीडीत एका टेबलासमोर शंभरच्या वर रुग्ण असतात. प्रत्येक वेळी लॉगिन करायला एक मिनिट गेले, तर शंभर रुग्णांमागे शंभर मिनिटे गेली. मग सकाळी जो पहिला येतो तो लॉगिन करतो आणि दुपारपर्यंत सगळे त्याच्याच नावाने काम करतात. निवासी डॉक्टर एक्स-रेचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतो, कारण वरिष्ठ दुसऱ्या इमारतीत शस्त्रक्रिया करत असतात आणि हाड आत्ता बसवायचे असते. रुग्ण बाहेरून केलेला एमआरआय सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर घेऊन येतो. तो पेनड्राइव्ह त्याच संगणकाला लावला जातो ज्यावर वॉर्डाचे काम चालते, कारण दुसरा संगणक नसतो. कितीतरी ठिकाणी फिरून आलेली ती वस्तू हात न धुता जखमेला लावण्यासारखेच हे आहे. पण डॉक्टरने तो लावला नाही, तर रुग्णाचा एमआरआय पाहायचा कसा?

यंत्रांची अडचण वेगळी. सीटी स्कॅनचे यंत्र दहा-बारा वर्षे चालवायचे म्हणून घेतले जाते. त्यातल्या संगणकाची विंडोज त्याआधीच म्हातारी होते. विंडोज ७ची मदत मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२०मध्ये थांबवली, विंडोज १०ची ऑक्टोबर २०२५मध्ये. यंत्राच्या उत्पादकाच्या परवानगीशिवाय त्यात बदल करता येत नाही आणि चालू यंत्र बंद ठेवायला कोणी तयार नसते. २०१७च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनच्या आरोग्य सेवेत हाहाकार उडवला, सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्या. त्या छिद्रावरचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेले होते. औषध दोन महिने आधी बाजारात आले होते, ते रुग्णापर्यंत पोहोचले नव्हते.

म्हणून जो सुरक्षा नियम वॉर्डाच्या कामात बसत नाही तो मोडला जाणारच, हे गृहीत धरून व्यवस्था बसवावी लागेल. ओळखपत्र टेकवले की दोन सेकंदांत उघडणारा संगणक दिला, तर कोणी दुसऱ्याचे लॉगिन वापरणार नाही. एक्स-रे सुरक्षितपणे मोबाइलवर पाहण्याची अधिकृत सोय दिली, तर व्हॉट्सॲपची गरज उरणार नाही. बाहेरचे पेनड्राइव्ह आणि सीडी उघडायला नेटवर्कशी न जोडलेला एक स्वतंत्र संगणक ठेवला, तर तो प्रश्न तिथेच मिटेल. नुसते परिपत्रक काढून यातले काहीही होणार नाही.

काय करायला हवे

रुग्णालयांना या कामासाठी नवी विचारसरणी शिकावी लागणार नाही; त्यांच्याकडे ती आहे. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८मध्ये आले, तेव्हा ‘गर्दीच्या सरकारी वॉर्डात कचरा वेगळा कोण करणार?’ असे सगळीकडे विचारले जात होते. आज कोणत्या पिशवीत काय टाकायचे हे वॉर्डातल्या मावशी नव्या डॉक्टरला सांगतात. सवय लागली कारण रंग सोपे होते, पिशव्या जागेवर होत्या, तपासणी होत होती आणि जबाबदार माणूस नेमलेला होता. सायबर सुरक्षेलाही हेच चार घटक हवेत.

पहिले काम भिंतींचे. नोंदणीची खिडकी, रक्तपेढी व प्रयोगशाळा, सीटी-एमआरआयसारखी यंत्रे, कार्यालयाचे हिशेब आणि नातेवाइकांसाठीचे वायफाय यांची नेटवर्के वेगळी असावीत आणि त्यांच्यातली दारे मोजकी व पहाऱ्याची असावीत. जुने सीटी यंत्र बदलता येत नसेल तर त्याला निदान इंटरनेटपासून तोडून, वेगळ्या कप्प्यात ठेवता येते. कितीतरी ठिकाणी त्यासाठी नवी खरेदीही लागत नाही. आहेत तीच नेटवर्कची उपकरणे जाणकाराने नीट लावून दिली तरी बरेच काम होते.

दुसरे काम बॅकअपचे. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, हा जुना साधा नियम आहे. त्यात एक भर घालायला हवी : किमान एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तुटलेली असावी. आणि ती प्रत परत चढवून पाहिलेली असावी. कधीच न चालवलेला जनरेटर आणि कधीच न तपासलेला बॅकअप यांवर सारखाच भरवसा ठेवावा.

तिसरे काम पडताळणीचे. सायबर सुरक्षेत सध्या ‘झिरो ट्रस्ट’ या विचाराचा बोलबाला आहे : नेटवर्कच्या आत आहे म्हणून कोणावर आपोआप विश्वास ठेवायचा नाही, प्रत्येक वेळी ओळख तपासायची. शब्द नवा असला तरी रुग्णालयाला कृती नवी नाही. रक्ताची पिशवी आपल्याच रक्तपेढीतून आलेली असली तरी ती लावण्याआधी दोघे जण रुग्णाचे नाव, पिशवीचा क्रमांक आणि गट मोठ्याने वाचून ताडतात. यात रक्तपेढीचा अपमान नसतो. संगणकाने दुसऱ्यांदा ओळख विचारली तर त्यातही डॉक्टरचा अपमान मानू नये.

चौथे काम सरावाचे, आणि ते सर्वांत दुर्लक्षित आहे. आगीची कवायत होते तशी वर्षातून दोनदा ‘संगणक बंद’ कवायत व्हावी. रक्तपेढीत, अतिदक्षता विभागात आणि अपघात विभागात छापील फॉर्म तयार आहेत का? अहवाल कोण हातात नेऊन देणार? प्रयोगशाळेचा फोन क्रमांक भिंतीवर आहे का? रुग्णाची ॲलर्जी कुठे लिहायची? संगणकावरच शिकलेली नवी पिढी हाताने भरतीचा कागद न चुकता भरू शकते का? एम्समध्ये दोन आठवडे काम चालू राहिले ते तिथल्या माणसांमुळे. आपल्याकडच्या माणसांना तो सराव आधीच मिळावा.

हे सगळे पाहायला प्रत्येक रुग्णालयात संसर्ग नियंत्रण समितीसारखी समिती असावी आणि तिच्यात संगणकाच्या माणसाबरोबर डॉक्टर, मेट्रन, रक्तपेढी अधिकारी आणि प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ असावा. हल्ला झाल्यास सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेला कळवण्याचे बंधन एप्रिल २०२२च्या आदेशाने आलेच आहे. मध्यरात्री तो फोन कोणी करायचा, हे आधी ठरलेले नसेल तर सहा तास चर्चेतच जातील. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. माहिती सांभाळण्यात कसूर झाल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. नियमांतल्या मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. दंडाच्या भीतीने कागदपत्रे रंगवण्यापेक्षा या मुदतीत भिंती बांधून घेतलेल्या बऱ्या.

‘औषधांना पैसे पुरत नाहीत, त्यात हे कुठून?’ हा आक्षेप खोटा नाही. सरकारी रुग्णालयात प्रत्येक रुपयाला चार मागणीपत्रे लागलेली असतात. म्हणूनच संगणकाच्या प्रत्येक खरेदीतच सुरक्षेचा आणि देखभालीचा ठरावीक वाटा बांधून टाकावा. शंभर संगणक घेऊन ते उघडे टाकण्यापेक्षा ऐंशी घेऊन सांभाळणे शहाणपणाचे. सीटी यंत्र घेताना त्याचा वार्षिक देखभाल करार आपण विसरत नाही. त्यातल्या सॉफ्टवेअरचे अपडेट किती वर्षे मिळणार, हा प्रश्नही त्याच करारात यावा. छोट्या रुग्णालयांना प्रत्येकी तज्ज्ञ नेमता येणार नाही. पण जिल्ह्यासाठी एक पथक नेमून त्याने औंधपासून खडकीपर्यंत आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांपर्यंत फिरत राहणे शक्य आहे.

नागरिकांच्या हातीही काही आहे. महत्त्वाचे अहवाल, रक्तगट, चालू औषधे आणि ॲलर्जी यांची एक छापील प्रत घरात असू द्यावी. आपला अहवाल कोणाच्या मोबाइलवर जातो आहे, हे नम्रपणे विचारावे. तपासणीच्या खोलीत कॅमेरा दिसला तर तो का आहे हेही विचारावे. रुग्णालयात खाटा किती आणि व्हेंटिलेटर किती हे आपण आता विचारू लागलो आहोत. त्यात आणखी एक प्रश्न घालायची वेळ आली आहे : उद्या सकाळी इथले संगणक बंद पडले, तर माझ्या माणसाला रक्त किती वेळात मिळेल? ज्या रुग्णालयाकडे याचे उत्तर मिनिटांत सांगता येईल इतके तयार असेल, त्याने आपले काम केले आहे.